माह्यावाली नोहे बाप्पा

कोणी काही विचारायच्या आत उत्तर देऊन मोकळा होणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. आमचे मामाजी तसे होते. गाडीचं दार उघडून एक पाय खाली टाकला, की समोर कोण आहे हेसुद्धा न बघता ते म्हणायचे, "माह्यावाली नोहे बाप्पा, पोराची हाय." पेट्रोल पंपावर म्हणायचे, लग्नाच्या मांडवात म्हणायचे. एकदा कारंज्याच्या रस्त्यावर म्हशी आडव्या आल्या आणि गुराख्याने नुसतं गाडीकडे टक लावून पाहिलं, तर मामाजींनी काच खाली करून त्यालाही सांगितलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "मंग मी काय करू?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात. कामरगावात मात्र त्यांना सगळे तलाठीबाबा म्हणायचे. तलाठी म्हणून आयुष्य काढलं, इथे-तिथे बदल्या झाल्या, आणि निवृत्त होऊन गावी आले तेव्हा पेन्शन, गुडघेदुखी आणि स्वच्छ नाव एवढंच बरोबर होतं. यातलं तिसरं त्यांना सगळ्यात प्यारं. सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाच्या घरी ते पाणी प्यायचे, चहा प्यायचे नाहीत. म्हणायचे, "पान्याचं कोनी ध्यानात ठेवत नाही, चहाचं ठेवते." त्यामागे आणखी एक कारण होतं, ते त्यांनी मला एकदा विहारातून परत येताना सांगितलं. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसणारे ते पहिले. "आपल्या मानसानं खाल्लं, तं एका मानसाचं नाव नाही जात वंदना, अख्ख्या वस्तीचं जाते." हे सांगताना ते रस्त्याच्या कडेकडेने चालत होते. कायम कडेनेच चालायचे.

अशा माणसाच्या अंगणात ती गाडी येऊन पडली. माझे थोरले दीर अनिलभाऊजी पुण्यात मोठ्या कंपनीत. त्यांनी हौसेने गाडी घेतली, अर्धी विजेवर, अर्धी पेट्रोलवर चालणारी. घरच्या प्लगला लावून चार्ज करायची. चार्जिंग असेतो आवाज न करता पळते, ते संपलं की इंजिन आपसूक सुरू होतं. गाडीची नवलाई संपायच्या आत कंपनीने भाऊजींना परदेशी पाठवलं. विकायला त्यांचं मन होईना. मग एका शनिवारी ते स्वतः गाडी घेऊन कामरगावला आले, बापाच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "बाबा, नुसती उभी ठेवू नका, बॅटरी मरते. चालवत राहा." मामाजींनी किल्ली अशी धरली, जशी कोणाची तरी रस्त्यात सापडलेली वस्तू धरावी.

संध्याकाळपर्यंत अर्धं गाव अंगणात. कोणी आरशात केस विंचरले, कोणी टायरला लाथ मारून पाहिली. आणि गर्दीतून कोणीतरी गमतीने बोललं, "तलाठीबाबा, रिटायर झाल्यावर बाहेर काढली का?" सगळे हसले. मामाजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. लाज वाटली की त्यांचे कान लाल व्हायचे. गोरा रंग, लपायचं नाही. रात्री ताटावरून तसेच उठले. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला, सुनीलला घेऊन ते कारंज्याच्या रेडियमवाल्याकडे गेले.

आपल्याकडे गाडीच्या मागच्या काचेवर लोक काय लिहितात, ते तुम्हाला माहीत आहे. 'आई-वडिलांचा आशीर्वाद', नाहीतर 'बाबांची पुण्याई'. मामाजींनी रेडियमवाल्याला सांगितलं, "लिहा, 'मुलाच्या कष्टाची कमाई'. मोठ्या अक्षरात लिहा." तो म्हणाला, काका, असं कोणी लिहीत नाही, उलटं लिहितात. मामाजी म्हणाले, "मले उलटंच लिहाचं हाय." पिवळ्या रेडियमची अक्षरं काचभर. रस्त्यावर मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतील अशी. घरी आल्यावर मामाजींनी अंगणात उभं राहून ती दोनदा वाचली आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

मग सुरू झाला गाडीचा संसार. अवो बाई, काय सांगू! एखादी म्हैस पाळणं सोपं. तिला निदान भूक लागली की ओरडते. या गाडीच्या चार्जरला एक पेटी होती, तिच्यावर दिवे. हिरवा लागला तर ठीक, लाल लागला तर गाडी घास घेत नाही. आणि उन्हाळ्यात लाल लागायचाच. कारण घराचं अर्थिंग सुकायचं. अंगणाच्या कोपऱ्यात मीठ-कोळसा भरून पाइप पुरला होता, त्यात पाणी ओतलं की दिवा हिरवा. म्हणून मामाजी रोज सकाळी बादलीभर पाणी त्या लोखंडी पाइपाला घालायचे, शेजारच्या बाया तुळशीला घालतात तसं. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "तलाठीबाबा, त्या पाइपाले फळ कधी लागन?" मामाजी म्हणायचे, "माह्यावाला नोहे बाप्पा, पोराच्या गाडीचा हाय." पाइपाचीसुद्धा मालकी त्यांना नको होती.

एकदा उन्हाळ्यात गल्लीची डीपी उडाली. पंखे बंद, पाण्याच्या मोटरी बंद, आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या अंगणाकडे. लाइनमन येऊन सांगून गेला की आकडे टाकणाऱ्यांनी उडवली, तुमच्या गाडीचा संबंध नाही. पण ऐकतंय कोण! मामाजी त्या दिवसापासून गाडी चार्जिंगला लावायच्या आधी घरोघर विचारायला लागले. आधी समोरच्या पिठाच्या गिरणीवर जायचे. "गनपतराव, दळन झालं काय? झालं असन तं पोट्ट्याची गाडी लावतो." मग दोन घरं पुढे, मोटर चालू आहे का ते बघून यायचे. लोक म्हणायचे, अहो तलाठीबाबा, लावा ना, बिल तर तुम्हीच भरता. "बिल मी भरतो," मामाजी म्हणायचे, "पन लाइट सगळ्याचीच कमी होते ना."

पेट्रोल जाळायचीही त्यांना लाज. दूर कुठे जायचं नसेल तर विजेवरच चालवायचे. कारंज्याला जाऊन परत यायला चार्जिंग पुरायचं. पण या गाडीची एक खोड आहे. टाकीतलं पेट्रोल फार दिवस वापरलं नाही, तर ते शिळं होऊ नये म्हणून गाडी आपल्या मनानेच इंजिन सुरू करते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी मामाजी गाडी विजेवर अगदी चोरपावलांनी गल्लीतून आणत होते. विहारापाशी बायका बसल्या होत्या. आणि तिथेच गाडीने घुर्र केलं. मामाजी घाबरून खाली उतरले, दोन्ही हात वर करून म्हणाले, "मी काई केलं नाही बाप्पा! हे आपल्याच मनानं चालू झाली!" बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सुनीलने फोनवर भाऊजींना विचारून खुलासा मिळवला. तेव्हापासून मामाजींनी नेम धरला. पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना झाली, की पांढऱ्या कपड्यांतच गाडीत बसायचं आणि पेट्रोलवर फेरी मारून यायचं. आमच्या घरी पौर्णिमेची खीर आणि पौर्णिमेचं पेट्रोल, दोन्ही ठरलेलं.

हे सगळं मी मामाजींचं म्हणून सांगतेय, पण गाडीचा खरा भार सुनीलवर होता. मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तसं त्यांनी चालवणं सोडलं. धुणं, हवा भरणं, उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून बॉनेटमध्ये डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या बांधणं, काही बिघडलं की अकोल्याला नेऊन दिवसभर ताटकळत बसणं, सगळं सुनील करायचा. सुनील ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवतो. कंत्राटी काम. शिक्षण भाऊजींपेक्षा कमी नाही, नशीब कमी. पगार कधी होतो, कधी नाही, आणि त्याबद्दल तो घरात अवाक्षर काढत नाही.

आणि तो त्या काचेपुढे बसून गाडी चालवायचा. म्हणजे बघा हं. कुठेही गाडी थांबवली की लोक मागची काच वाचायचे आणि पुढे येऊन म्हणायचे, "वा रे भाऊ! कमाई चांगली हाय!" सुनील म्हणायचा, "माझी नाही, दादाची." "मंग तू काय करतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. चहाच्या टपरीवर, गॅरेजात, शाळेच्या फाटकाशी. बाप आयुष्यात एकदा अभिमानाने काचेवर लिहितो आणि त्यातला मुलगा आपण नसतो, हे त्याला दर गावाला नव्याने सांगावं लागायचं. मी त्याला म्हणाले, मामाजींना सांगते. तो म्हणाला, "काही गरज नाही. त्यायचं नाव साफ राह्यते ना त्याच्यानं, राहू दे." फक्त गाडी उभी करताना तो मागची बाजू भिंतीला लावायला लागला. मामाजींना वाटायचं, चार्जरची वायर पुरावी म्हणून.

केनवडला माझं माहेर. मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न होतं, तेव्हा आम्ही तिघे त्या गाडीने गेलो. माझ्या भावाने मोठ्या कौतुकाने घराच्या ओट्यावरच्या बोर्डातून गाडीला प्लग दिला, सगळी पोरं भोवती. भिंत नव्हती, त्यामुळे काच उघडी. तेवढ्यात आमचे बबनकाका आले. बबनकाका म्हणजे माझे चुलते, तोंडाला कुलूप नाही, मनात पाप नाही, पण जीभ अशी की सुरी बरी. त्यांनी काच मोठ्याने वाचली, आणि सुनीलच्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू! कष्टाची कमाई! आमाले पत्ताच नाही!"

सुनील काही बोलायच्या आत मामाजी सवयीने म्हणाले, "नाही, नाही. मोठ्याची हाय. अनिलची."

बबनकाका हसत म्हणाले, "असं काय? मंग हे आमचे जावई कोन, डायवर?"

मांडवातली माणसं हसली. आणि मामाजीही हसले. थट्टा झाली की माणूस हसतो तसंच, काही मनात नव्हतं त्यांच्या. सुनील प्लग नीट बसलाय की नाही ते बघत होता. मान वर न करता तो शांतपणे म्हणाला, "हो काका. डायवरच."

मामाजींचं हसू तिथल्या तिथे थांबलं. त्यांनी सुनीलकडे पाहिलं, मग काचेकडे, मग परत सुनीलकडे. त्यांचे कान इतके लाल झालेले मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. माझंच माहेर, माझाच काका, माझाच नवरा. मी आत निघून गेले आणि उगाच पत्रावळी मोजत बसले. पंगतीत मामाजी बसले, पण घास तोंडापर्यंत जाईना. बबनकाका वाढायला आले, "व्याहीबुवा, जिलेबी घ्या ना," तर त्यांनी पानावर आडवा हात धरला. काकांना बिचाऱ्यांना आपण काय बोलून गेलो हे आजही माहीत नाही.

दुपारी आम्ही परत निघालो. चार्जिंग भरलेलं, त्यामुळे गाडी विजेवर. एरवी आवडणारी ती शांतता त्या दिवशी नको झाली होती. शेतं मागे पडत होती. मागच्या सीटवरून मामाजी म्हणाले, "सुन्या, इंजन लाव."

"चार्जिंग हाय ना बाबा अजून."

"असू दे. लाव तू. आवाज येऊ दे."

सुनीलने बटण दाबलं. पौर्णिमा नसताना मामाजींनी पेट्रोल जाळायला सांगितलं, हे पहिल्यांदाच. घरी येईपर्यंत इंजिन चालू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला आले, तर मामाजी गाडीच्या मागे, भिंतीच्या बाजूला स्टुलावर बसले होते. हातात दाढीचं ब्लेड, शेजारी थिनरची वाटी. एकेक अक्षर खरवडत होते. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून डाव्या हाताने चाचपून अक्षराची कड शोधायची आणि उजव्या हाताने ब्लेड चालवायचं. बोट कापलं होतं, रुमाल गुंडाळला होता. सुनील बाहेर आला. म्हणाला, "बाबा, काच खराब होईन."

"होऊ दे," मामाजी म्हणाले. "काचच हाय."

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. आमच्याकडे बाप मुलाची माफी मागत नाही, आणि मागितली असती तर सुनीलच लाजेने मेला असता. पण त्या दिवसानंतर मामाजींच्या तोंडून ते वाक्य कधी निघालं नाही. कोणी विचारलं, "तलाठीबाबा, गाडी कोनाची?" तर ते म्हणायचे, "घरची हाय."

तुम्हाला हे दोन शब्द साधे वाटतील. मला विचारा. भाऊजींना आमच्या गल्लीबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं, नव्याने आलेल्या माणसांना तर ते आहेत हेही ठाऊक नव्हतं. निवृत्त तलाठ्याच्या दारात एवढी गाडी आणि तो म्हणतो घरची, म्हटल्यावर लोक काय समजणार? एकदा गणपतरावांच्या गिरणीवर मी दळण घेऊन उभी होते. मामाजी बाहेर बाकावर चहा पीत होते. बाहेरगावचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, आणि मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला, "तलाठ्याच्या खुर्चीत काही तं दम असते बाप्पा." गणपतराव चिडून काही बोलणार होते. मामाजींनी त्यांना नजरेनेच थांबवलं. कान लाल, पण चहा पूर्ण प्याले, बशी खाली ठेवली आणि घरी आले. सगळी उमर जपलेली एकच चीज, ती त्यांनी अशी उघड्यावर टाकून दिली. का, ते गल्लीत फक्त मला माहीत होतं. मला त्या माणसाच्या डोक्यात पिठाचा डबा घालावासा वाटला.

रेडियम निघालं, पण अक्षरं गेली नाहीत. हे आम्हाला हिवाळा लागल्यावर कळलं. काच कोरडी असली की काही दिसत नाही. पण थंडीत पहाटे दव पडलं, की जिथे गोंद बसला होता तिथे दव धरत नाही, आणि अख्खी ओळ परत उमटते. 'मुलाच्या कष्टाची कमाई.' पहिल्यांदा ते मामाजींनीच पाहिलं. मी चुलीपाशी पाणी तापवत होते, खिडकीतून दिसलं. ते हबकून उभे राहिले, घाईने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि काच पुसली. मग रोज. कानाला मफलर, हातात फडकं, आणि नजर घराच्या दाराकडे, सुनील बाहेर येतोय की काय म्हणून. ओळ पुसून झाली की फडकं चार्जरजवळच्या खिळ्याला अडकवायचे, आणि मग अर्थिंगच्या पाइपाला पाणी. थंडीत त्याची गरज नव्हती. पण हातात बादली असली म्हणजे बाहेर का आलात असं कोणी विचारत नाही.

या पावसाळ्यात मामाजी गेले. हृदयविकाराचा झटका, अकोल्याला नेताना रस्त्यातच, याच गाडीत, सुनील चालवत असताना. माझ्या मांडीवर डोकं होतं. बोलायला झालं नाही त्यांना काही. पुण्यानुमोदनाच्या विधीला भाऊजी आले, रडले, आणि जाताना म्हणाले, गाडी आता तुम्हीच ठेवा. सुनील फक्त "बरं" म्हणाला.

मागच्या आठवड्यात दव पडलं. मला उठल्याबरोबर काचेची आठवण झाली, आणि मी फडकं घ्यायला धावत बाहेर गेले. वाटलं, सुनीलने पाहू नये. तर खिळ्याला फडकं नव्हतं. सुनील गाडीमागे उभा होता, काच अर्धी पुसून झालेली. मला बघून त्याने हात थांबवला.

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"पह्यल्या दिवसापासून," तो म्हणाला. "मी दाराआड उभा राहो. बाबाचं पुसून झालं, बादली वाजली, की मंगच बाहेर येओ."

त्याने राहिलेली अर्धी ओळ पुसली, फडकं पिळलं, खिळ्याला अडकवलं. मग कोपऱ्यातली बादली उचलली, आणि काही गरज नसताना पाइपात पाणी ओतलं.